भुऱ्याला दिलेला कडू घास

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर भुऱ्याची नखं कापली. हिवाळ्याचं कोवळं ऊन ओट्यावर आलं होतं आणि पलीकडच्या रस्त्यानं पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या चाकणकडं चालल्या होत्या. ससा फडक्यात गुंडाळून माझ्या मांडीवर. शांता त्याचा पंजा उन्हाकडं धरून नखातली लाल शीर बघायची आणि शिरेच्या अलीकडं कातर थांबवायची.

"धरा नीट, पण आवळू नका. बैल न्हाई तो."

"बैलाचे एवढे लाड कुणी केले न्हाईत," मी म्हणालो. ती हसली.

दुपारी तिच्या छातीत कळ आली. दवाखाना गाठायच्या आत संपलं. दिवस मावळताना मी तिला अग्नी दिला.

माझी बायको कशी होती विचाराल, तर तिच्या पदराला बारा महिने वाळल्या गवताचा वास यायचा. आमच्या जमिनीवर कंपनी आली, तरी कुंपणाकडंचं गवत ती कापून आणायची, गच्चीवर वाळवायची, वाळवणासारखं हातानं पसरायची. जन्मभर खुरपलेला तिचा राठ हात सशाखाली गेला की कापसाचा व्हायचा. एक तळवा छातीखाली, एक ढुंगणाखाली. कान धरून उचलणाऱ्या पाव्हण्याला तिनं माझ्यादेखत हाकललंय. गाजराची चकती सणासुदीला, भाकरी कधीच नाही. रोज सकाळी पिंजऱ्याशी उकिडवी बसून लेंड्या बघायची. गोल, कोरड्या दिसल्या की तिच्या तोंडावर उजेड पडायचा. "खाल्लेलं बाहेर पडतंय म्हंजे जीव जाग्यावर हाय," म्हणायची.

त्या सांजेला आमची चूल पेटली नाही. रीतीप्रमाणं भावकीनं पिठलं-भाकरी आणली. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्यानं तो कडू घास गिळायचाच. वहिनीनं माझ्या तोंडात घातला. मला वाटलं, भुऱ्याही घरचाच की. मी चतकोर भाकरी पिंजऱ्यात सारली. त्यानं सगळी खाल्ली. तिनं इतकी वर्षं जे टाळलं, ते मी एका घासात केलं.

सकाळी पिंजऱ्याचा तळ स्वच्छ. त्या स्वच्छपणाची मला भीती वाटली. भुऱ्या गोळा होऊन बसलेला, दात करकर वाजवत. पोट ढोलासारखं ताठ, गवत तसंच. मी त्याला पाटीत घेतलं.

वहिनी दारात आडवी आली. "भावजी, अग्नी दिलाय तुम्ही. आज उंबरा वलांडायचा न्हाई. लोकं काय म्हणतील?"

"सुतक मला हाय. त्याच्या पोटाला न्हाई."

रिक्षानं जनावरांच्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं सुई दिली, औषध दिलं, पोट कसं चोळायचं ते दाखवलं. "काका, याचं पोट थांबलं की हा थांबतो. एका जागी बसू देऊ नका."

घरी भेटायला आलेली माणसं अंगणात बसलेली. त्यांच्याकडं पाठ करून मी दोन बोटांनी पोट चोळत राहिलो, पिचकारीनं थेंबथेंब पाणी पाजत राहिलो. ऊन भिंतीवरून खाली आलं तेव्हा एक लेंडी पडली, बारकी, ओली. मग दुसरी. मग त्यानं गवताची एक काडी ओढली आणि चावायला लागला.

मी वहिनीकडं चहा मागितला आणि पुन्हा चोळायला बसलो. त्या दिवशी रडायचं राहून गेलं. रडायला पुढं वेळ भरपूर आहे.