लाकडाने खाल्लेली हवा

मित्रांनो, मी एक जुना गॅस डिटेक्टर आहे. माझा पिवळा रंग पार उडालाय. जन्मलो कारखान्यात, पण आयुष्य गेलं घानाच्या ताकोराडी बंदरावर, टोळीच्या मुकादम अराबाबाईंच्या कमरेला. माणसं जहाजाच्या पोटात उतरण्याआधी मला दोरीने खाली सोडायचं आणि हवा वाईट असली की मी कोकलायचं, एवढंच माझं काम. टोळीवाले चिडवायचे, "आला बघा रडका!" मला वाईट वाटायचं. पण संध्याकाळी सगळे धडपणे घरी जायचे, त्यात मी खूश असायचो.

एकदा ओंडके भरलेल्या एका जहाजाचं पोट बरेच दिवस बंद होतं. बंद जागेतला प्राणवायू ओली लाकडं गुपचूप खाऊन टाकतात, आणि वर वास मात्र कसा छान सुटतो! त्या वासाला भुलून टोळीतला पान्यिन तपासणी न करताच साखळी आणायला उतरला आणि शिडीच्या तळाशी कोसळला.

त्याचा जुळा भाऊ काक्रा धावत आला. त्याने मला बाईंच्या कमरेवरून ओढून घेतलं आणि शिडीच्या तोंडाशी, कोंदट जागेतच चालू केलं. चालू होताना जी हवा भेटते, तीच मी चांगली धरून चालतो. म्हणून मी गप्प राहिलो. काक्राने शिडीवर पाय टाकला.

मागोमाग धावत आलेल्या अराबाबाईंनी त्याची कॉलर धरली. "कुठे चालू केलंस याला?"

"इथेच! सोडा मला!"

"इथेच? कपाळ माझं! धरा रे याला!"

दोघांनी काक्राला धरलं. बाईंनी मला कठड्यापाशी, समुद्राच्या वाऱ्यात नव्याने चालू केलं आणि खाली सोडलं. मी जिवाच्या आकांताने ओरडलो.

"मावशी, माझा भाऊ आहे हो तो!"

"म्हणूनच तुला धरलंय," म्हणत बाई शिडीच्या तोंडावर फतकल मारून बसल्या.

पाठीवर हवेच्या टाक्या लावलेली माणसं आली, उतरली. पण उशीर झाला होता. पान्यिन गेला.

काक्राने बाईंशी बोलणं टाकलं. मग एक दिवस त्याची आई सुतकाचं लाल-काळं वस्त्र नेसून बंदरावर आली. तिने बाईंचे हात धरले. "दोघंही गेले असते ग. एक तरी परत दिलास मला." बाई तिथेच ढसाढसा रडल्या. काक्रा खाली मान घालून उभा होता.

आता मी त्याच्याच कमरेला असतो. मित्रांनो, मला वेळच्या वेळी तपासून घ्या, मोकळ्या वाऱ्यात जागं करा. आणि मी ओरडलो, तर खाली सख्खा भाऊ असला तरी थांबा. फार कठीण असतं ते, मी पाहिलंय. तरी थांबा.