तातीची हाक

कोसमटोल्याच्या शिवेवर नूर मोहम्मदनं सायकल थांबवली, खांद्यावरचा गमछा काढला आणि सायकलला बांधलेल्या पिंजणाच्या तातीभोवती तो गुंडाळू लागला. मागून चालत येणारी सुरय्या तिथंच उभी राहिली. कापूस पिंजायच्या धनुष्याला गमछा बांधायचा म्हणजे वाजंत्र्यानं सनईत बोळा कोंबून वरातीला निघायचं. पिंजारी गावात शिरतो तो धनुष्याची ताणलेली दोरी, म्हणजे तात, छेडत. तिचा टणत्कार ऐकला की बाया जुन्या गाद्या-रजया घेऊन अंगणात येतात, आरोळी ठोकावी लागत नाही. लग्न झाल्यापासून सुरय्या नवऱ्याबरोबर कितीतरी गावं फिरली होती, पण अशी मुकाट्यानं कुठल्याच गावात शिरली नव्हती.

या गावात वाजवायची नाही, एवढंच त्यानं सांगितलं. का, ते तिनं विचारलं नाही. फाया याच गावात राहत होता.

दीड वर्षापूर्वी त्यांच्या गावाबाहेर, मुलचेऱ्याच्या नाल्याकाठी, डुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फाशात कुत्र्याचं एक पांढरं पिल्लू अडकलेलं तिला दिसलं होतं. ती तार तिनं हातानं उकलली, जखमेत हळद भरली, आणि ओढणीत गुंडाळून पिल्लाला घरी आणलं. अत्तरात भिजवलेल्या कापसाच्या फायाएवढं दिसत होतं, म्हणून नाव फाया. घरात नमाज होत असे, त्यामुळे कुत्रं उंबऱ्याच्या आत येणार नाही हे तिलाही मान्य होतं. तो अंगणातल्या छपराखाली, पिंजणाच्या पायाशी वाढला. तात वाजली की असेल तिथून धावत यायचा आणि उडणाऱ्या कापसावर झेपा टाकायचा. सुरय्या पोट धरून हसायची.

मग एका नवरीच्या रजईत कुत्र्याचे केस निघाले. नवरीकडच्यांनी रजई आणून अंगणात टाकली आणि मशिदीच्या गल्लीतलं काम बंद पडलं. नमाजी माणसाच्या अंथरुणात कुत्र्याचे केस कोण चालवून घेणार? नूर मोहम्मद रागावला नाही. रागावला असता तर सुरय्याला निदान भांडता आलं असतं. फायासाठी चांगलं घर बघू, असं तो म्हणाला.

लाकूड डेपोच्या चौकीदारानं फायाला साखळीला बांधलं. दिवसभर नाचणारं पोर तिथं मातीत नाक खुपसून पडलेलं बघून सुरय्या त्याला परत घेऊन आली. बसस्टँडवरच्या चहावाल्याकडं तो मजेत होता, पण सकाळी इकडं पिंजण सुरू झालं की तिकडून पळत येऊन कापसात उडी घ्यायचा. तेव्हा नूर मोहम्मदच म्हणाला, जिथवर तातीचा आवाज पोचत नाही, असंच घर पाहायला हवं.

ते घर इंदुताईच्या रूपानं स्वतःच्या पायानं चालत आलं. कोसमटोल्याच्या गुणवंतराव धानवाल्याची ही बायको रजई भरून घ्यायला आली, आणि फायानं तिचा पदर दातात धरला. दुसरी बाई असती तर किंचाळली असती. या बाईनं पदराचं दुसरं टोक धरून ओढायला सुरुवात केली, आणि दोघं अंगणभर झोंबत राहिले, बाई खदखदून हसत. त्या हसण्याचा सुरय्याला त्याच क्षणी राग आला. तिनं खोट काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. गावात बिबट येतो ना, म्हणून विचारलं. इंदुताई म्हणाली, मी कशाला बाहेर ठेवू, तो घरातच निजेल. बांधाल का? नाही. खायला काय? आम्ही खाऊ ते. एकही खोट सापडली नाही, फाया तिच्याबरोबर गेला, आणि वर्षभर सुरय्याला सलत राहिलं ते हेच.

त्यात इंदुताई दर बाजाराच्या दिवशी हटकून घरी यायची आणि फायाचं कौतुक सांगायची.

"आता मले सोडूनच राहत नाई, भाभी. खाटेवर पायथ्याशी निजते. मी उठली का तोई उठते."

सुरय्या चहा पुढं करायची, हसायची आणि आतून जळून खाक व्हायची. उंबऱ्याच्या आत तिनं त्याला कधी घेतलं नव्हतं, आणि या बाईनं थेट खाटेवर घेतला. सवत वाईट असली तर तिचे वाभाडे काढता येतात. चांगल्या सवतीचं करायचं काय?

आता गावात शिरल्यावर नूर मोहम्मद दारोदार जाऊन, पिंजारी आलाय, असं सांगू लागला. पटेलाच्या चिंचेखाली सायकल लावून सुरय्या एकटीच बसली. समोर, धानाच्या दोन बांध्या पलीकडं खळं होतं. खळ्यावर इंदुताई तणसाच्या पेंढ्या उचलून टाकत होती, आणि प्रत्येक पेंढीवर एक पांढरं धूड झेप घेत होतं. केवढा झाला होता! इंदुताईनं एक पेंढी मुद्दाम उंच फेकली. तो हवेत वळला, तोंडावर पडला, पुन्हा उठला. बाईचं हसणं वाऱ्यावर चिंचेपर्यंत आलं.

सुरय्या उठून सायकलपाशी आली. तार मी उकलली. रात्ररात्र कण्हायचा तेव्हा छपराखाली मी बसले. हिनं काय केलं? पेंढ्या फेकल्या. तिला एवढंच बघायचं होतं की तो अजून तिला ओळखतो. फक्त एकदा, असं स्वतःला बजावत तिनं गमछा सोडला आणि तात छेडली.

ढंव.

खळ्यावरचं पांढरं धूड जागच्या जागी थिजलं. तिनं पुन्हा छेडली. मग तो सुटला. बांध्या ओलांडत, बांधाच्या धुऱ्यावरून घसरत, तोंडात तणसाची काडी तशीच घेऊन तो चिंचेखाली आला आणि सुरय्याच्या अंगावर कोसळला. कुईकुई करत तिच्याभोवती गरगर फिरला, पुन्हा तिच्या पायांत शिरला. सुरय्या हसत होती आणि डोळेही पुसत होती. ती जिंकली होती.

मान वर केली तेव्हा इंदुताई थोड्या अंतरावर उभी होती. अनवाणी, केसांत तणसाचा भुसा, धाप लागलेली. तिनं एकदा फायाला हाक मारली. त्यानं कान हलवला, वळून पाहिलं नाही. इंदुताई हसली.

"आला का तुमच्याकडं. बरं झालं."

ते हसू सुरय्याच्या चांगलं ओळखीचं होतं. चहा देताना वर्षभर तिनं तेच वापरलं होतं.

नूर मोहम्मद परत आला. त्यानं सुटलेला गमछा पाहिला, कुत्र्याला पाहिलं, आणि कामाला बसला. दिवसभर पिंजण वाजत राहिलं आणि फाया कापसावर झेपा टाकत राहिला. इंदुताई एकदा पितळीत भात घेऊन आली. त्यानं घाईघाईनं खाल्ला आणि परत पिंजणाकडं पळाला. रिकामी पितळी हातात घेऊन ती बराच वेळ उभी होती. सुरय्याला वाटलं होतं, हे बघताना आपल्याला गार वाटेल. तसं काही झालं नाही. कापसातून पांढरे केस वेचून काढता काढता तिची बोटं दुखून आली.

उन्हं कलल्यावर तातीवर पुन्हा गमछा गुंडाळून सामान बांधायला घेतलं, तसा फाया सायकलच्या चाकाशी जाऊन उभा राहिला. इंदुताई जवळ आली.

"घेऊन जा, भाभी. वर्षभर पोसला म्या, पण तात वाजली का तो माहा नाई. मंग कायले धरून ठेवू?"

सुरय्यानं चाकाशी उभ्या फायाकडं पाहिलं. घेऊन जायचं तर कुठं? छपराखाली, लोकांच्या रजयांमध्ये? की पुन्हा त्या साखळीला? ज्याला घरी नेता येत नाही त्याला तिनं हाक मारली होती.

तिनं पिशवी उपसली. तळाशी जुनी तात वेटोळं करून ठेवलेली होती, अडीनडीला लागते म्हणून. कुंपणातली बांबूची एक कामटी तिनं मागून घेतली, गुडघ्यावर धरून वाकवली आणि दोन्ही टोकांना तात बांधली. लेकराच्या खेळण्यातलं वाटावं एवढं धनुष्य झालं. ते तिनं इंदुताईच्या हातात दिलं.

"बोटानं वढा न् सोडून द्या. कुठीई असला तरी येईल."

"मले येईल का वाजवता?"

"तो काय सूर पाहत नाई, बाई."

निघताना सुरय्यानं फायाच्या डोक्यावर हात ठेवला नाही. ठेवला असता तर पाय निघाला नसता. सायकल पुढं, ती मागं, आणि तिच्या मागं तो. गाव संपलं, शिव आली, तरी धुळीतल्या पावलांचा आवाज थांबेना. गावातून तातीचा आवाज मात्र येत नव्हता. वाजवत का नाही ही बाई, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच मनाला वाटत होतं की वाजवू नये.

मग गावाकडून आवाज आला. बसका, भेसूर, तात धड ओढलेलीही नव्हती. पावलं थांबली. सुरय्या पुढं चालत राहिली. पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं. मागं धूळ उडाली आणि पावलं गावाकडं पळत गेली.

थोडं पुढं गेल्यावर नूर मोहम्मद म्हणाला की तात ढिली बांधली गेली, पुढच्या खेपेला तो ताणून देईल. काही गरज नाही, असं ती जरा तुटकपणे म्हणाली. मागं ती बाई उगीचच आणखी एकदा, मग आणखी एकदा तात वाजवत होती, आता खेळ म्हणून.

सुरय्यानं सायकल थांबवायला लावली. पिंजणावरचा गमछा सैल झाला होता. तो तिनं तातीवर नीट आवळला आणि त्याला आणखी एक गाठ मारली.