पिशवीतून घरी गेलेली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कागद कापायची नव्हे, कापड कापायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण कागद कापला की आमची धार जाते आणि ते प्रत्येकाला नव्याने सांगावं लागतं. मी वजनाने जड आहे, पाती चांगली वीतभर आहेत. म्हणून मला हातात घ्यायचं तर जवळ मोठं माणूस हवं, आणि दुसऱ्याला द्यायचं तर मुठीची बाजू पुढे करून. एवढं कबूल असेल तरच पुढची गोष्ट.

माझी दोन पाती एका लहानशा भट्टीत वेगवेगळी ठोकली गेली. तेव्हा आम्ही नुसत्या दोन सुऱ्या होतो, एकमेकींना ओळखतही नव्हतो. मग मधोमध स्क्रू बसला आणि आमचं जन्माचं जमलं. तिथून मी एका शिवणकारखान्यात आले. कारखाना म्हणजे एक लांब खोली, सहा मशीनं आणि खिडकीखाली कापायचं भलंमोठं टेबल. इथे शाळांचे गणवेश शिवतात. मालकिणीला सगळे काकी म्हणतात. काकीचा आवाज सहाही मशीनांच्या वर चढतो, पण कामाला आलेल्यांना चहा मिळाल्याशिवाय ती स्वतः कप उचलत नाही.

माझ्यावर पहिला हात बसला तो कापणाऱ्या मास्तरांचा. एक दिवस ते कुणाला न सांगता गेले ते गेलेच. मग जो येईल त्याने मला वापरलं. कुणी माझ्याने पुठ्ठा कापला, कुणी रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं. शेवटी मी खणात पडून गंजले.

मग कापायच्या कामाला ताई आली. तिने मला बाहेर काढलं, तेल लावून पुसलं, धार करून आणली आणि सगळ्यांना बजावलं, “हिला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.”

काजं करणारे काका म्हणाले, “बरं बाई, आम्ही दातांनी कापू.”

ताईचा हात फार सुंदर होता. तिने कापलेल्या कडा पाहून काकी आल्यागेल्याला म्हणायची, “बघा, पाण्यावरून रेघ काढावी तशी कापते.” ते ऐकून माझीही छाती फुगायची, म्हणजे पाती फुगत नाहीत, पण तुम्हाला समजलं असेल.

पण मित्रांनो, वर्षामागून वर्षं तोच राखाडी रंग, तोच सदरा, तीच बाही. ताईचं मन त्यातून उडालं. हे तिच्याआधी मला कळलं, कारण हात खोटं बोलत नाही. पूर्वी ती उरलेल्या तुकड्यांमधून आपल्या छोटीसाठी ससे, बदकं कापायची. ते कधी थांबलं, तिचं तिलाही आठवत नव्हतं. दोन गल्ल्या पलीकडे नाटकाचे कपडे शिवायचं दुकान होतं. तिथे अस्वलाचा पोशाख, राजाचा अंगरखा, चालतं झाड, काहीही करावं लागे. तिथल्या बाईंनी ताईला बोलावलं होतं.

“पण धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालंय, काका,” ताई म्हणाली. “घरी लहान मूल आहे. तिथे काम टिकेल की नाही कुणास ठाऊक.”

“मग काय ठरवलंस?”

“ठरवतेय.”

“गेल्या वर्षीही ठरवतच होतीस,” काका म्हणाले. “बटण नसताना काज पाडू नये, मान्य. पण बटण हातात घेऊन वर्षभर बसूही नये गं.”

आणि मग ती चूक झाली. सदऱ्याची डावी आणि उजवी बाही एकमेकींच्या उलट असते. म्हणून कापड अंथरताना एक थर सुलटा, एक उलटा घालायचा, की एका कापात जोडी निघते. ताईने त्या दिवशी सगळे थर सुलटेच घातले. माझ्या पात्यांना ते जाणवत होतं, पण कात्रीला बोलता कुठे येतं. गठ्ठाच्या गठ्ठा उजव्या बाह्या निघाल्या.

काकी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दोन बाह्या उचलल्या, जुळवून पाहिल्या आणि म्हणाली, “आता दोन्ही हात उजवे असलेली मुलं मी कुठून आणू?”

सगळी खोली हसली. ताईने टेबलावरचं होतं नव्हतं ते पिशवीत कोंबलं आणि कुणाशी न बोलता भर दुपारी घर गाठलं.

घरी छोटी खाऊसाठी पिशवीत हात घालणार, तोच आजीने, म्हणजे ताईच्या आईने, तो वरच्या वर धरला. मग पिशवीतून मला बाहेर काढलं.

“हे काय गं?”

“मी नोकरी सोडली.”

“काकीला सांगितलंस?”

“गेले नाही की कळेल तिला.”

“वा. नोकरी सोडलीस आणि त्यांची कात्री घेऊन आलीस. लोक म्हणतील, बाईला पगार पुरला नाही वाटतं.”

ताईला आधी हसू आलं, मग रडू. “मला तिथे परत जाववत नाही गं, आई.”

“राहायला कोण सांगतंय? वर्षभर तुझा उतरलेला चेहरा बघतेय मी. सोड खुशाल. पण सोडायलासुद्धा तिथे जावं लागतं. घरी बसून नोकरी सुटत नाही, चुकवली जाते.”

दुसऱ्या दिवशी ताई आधी नाटकाच्या दुकानात गेली. “शाळा उघडेपर्यंत थांबते,” तिथल्या बाई म्हणाल्या, “पुढे मात्र मला दुसरी बघावी लागेल.” तिथून ती कारखान्यात आली. मला टेबलावर ठेवलं.

“काकी, ही चुकून गेली होती. आणि मी जाणार आहे, ते चुकून नाही. शाळा उघडेपर्यंतचं काम पुरं करते. कालच्या बाह्यांमधून खिसे आणि कॉलर काढते, कापड वाया जाणार नाही. माझ्या जागी कुणाला शिकवायचं ते तुम्ही सांगा.”

काकीने कालच्या बाह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. “ऐन हंगामात सांगतेस.”

“आधीच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.”

त्यानंतर दोन दिवस काकी तिच्याशी कापडापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी तिने ताईपुढे चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, “बटणं लावणाऱ्या मावशींना शिकव. त्यांचा कधीपासून डोळा आहे या टेबलावर.”

मावशींच्या हाती मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोघीही अवघडलो. त्या मला लाटण्यासारखं धरत. ताई शेजारी उभी राहून सांगे, “मावशी, कात्री उचलायची नाही. टेबलावरून सरकवायची.” हळूहळू बाह्यांच्या जोड्या निघू लागल्या. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी शेवटचा गठ्ठा बांधला गेला. ताई निघाली, आणि जाता जाता तिचं लक्ष मावशींच्या अंगठ्याकडे गेलं. तिथे मोठा फोड आला होता.

“बोलला नाहीत मावशी?”

“नव्या माणसाने काय कुरकुर करायची?”

ताईने पिशवी खाली ठेवली. मऊ कापडाची पट्टी घेतली, माझ्या मुठीवर गुंडाळली, मावशींच्या अंगठ्याच्या मापाने घट्ट-सैल केली आणि टाके घातले.

“आता दाबून बघा. टोचतं?”

“नाही गं पोरी.”

“मग झालं,” ताई म्हणाली, आणि गेली.

मित्रांनो, मला तिची आठवण येत नाही असं नाही. पण मी खणात पडलेले नाही. तुमच्या घरच्या कात्रीलाही कोरडं ठेवा, अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि मोठेपणी एखाद्या कामावरून मन उडालं तर कुढत बसू नका, जरूर सोडा. फक्त दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी, मागे राहणाऱ्याचा अंगठा एकदा बघून घ्या.