निळ्या रंगाचे चौदा थर

सान पेद्रोच्या सणाला चार दिवस उरले की मी दुपारपर्यंत नुसत्या पाण्यावर राहते आणि होडी रंगवते. चौदा वर्षं झाली. एलादियोचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं आणि नऊ दिवस त्याचा पत्ता लागला नाही, तेव्हा मी संताच्या पायाशी बोलले होते: माझ्या नवऱ्याला परत आण, दर वर्षी तुझ्या सणाआधी त्याची होडी मी माझ्या हाताने रंगवीन. दहाव्या दिवशी तो आला. ओठ फुटलेले, पण हसत. "तुझ्या संताला सांग, पुढच्या वेळी मासे देशील तर लिंबूही पाठव," म्हणाला.

होडी फायबरची, तेव्हाच जुनी. वरच्या गुळगुळीत थरावर केसासारख्या भेगा. जिथे धक्का बसला तिथून कोळिष्टकासारख्या पसरलेल्या. मी एकेक भेग काचकागदाने घासायची, तिच्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, आणि भरताना एक 'नमो मरिये' म्हणायची. पहिल्या वर्षी अकरा प्रार्थना झाल्या. गेल्या वर्षी पन्नास मण्यांची माळ संपली तरी भेगा उरल्याच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, संत माझ्याकडून जास्त नामस्मरण करून घेतोय, असं वाटून मी सुखावले होते.

यंदा होडीच्या तळात पाणी साचायला लागलं. मी रंगाचा डबा उघडायच्या आधीच एलादियो तुबाल मिस्त्रीला घेऊन आला.

मिस्त्रीने खिशातून एक नाणं काढलं आणि होडीच्या अंगावर वाजवत निघाला. टक, टक, टक. इंजिन टांगतात त्या मागच्या बाजूला आवाज बदलला. थप.

"कोंपाद्रे, दोस्ता, ही होडी आहे का लग्नाचा केक? थरावर थर, थरावर थर."

"माझ्या बायकोचा नवस आहे तो. तोंड सांभाळ."

"सांभाळूनच बोलतोय. दात मोजकेच राहिलेत."

त्याने ग्राइंडर लावला. निळी भुकटी उडाली, मग जरा फिकी निळी, मग आणखी वेगळी. खालून माझी लांबी निघाली, कांडीसारखी अख्खी. तिच्यामागे भेग सरळ आत गेलेली. मिस्त्रीने तिच्यात पेचकस घातला तो सहज बुडाला. बाहेर आला तेव्हा टोकाला आतल्या लाकडाचा, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लगदा होता.

"वरवरच्या भेगा घासून भरल्या की भागतं. ही आतून आलीय. गेली कित्येक वर्षं ही दिसायला हवी होती. लांबी कुणी भरली?"

मी तोंड उघडायच्या आत एलादियो म्हणाला, "मी."

"तू? तुला पावाला लोणी सरळ लावता येत नाही, माणसा." मिस्त्री हसला, मग त्याची नजर माझ्या हातांवर गेली. नखांत जुना निळा रंग होता. त्याने मान खाली घातली. "दिग्नाबाई, काम सुबक आहे तुमचं," एवढंच म्हणाला.

कुजलेलं सगळं कापून काढायचं, महिनाभर वाळू द्यायचं, मग नवे थर चढवायचे, असा त्याचा निवाडा. तोवर त्याने एक ठिगळ लावून दिलं. "किनाऱ्याजवळ चालेल. खोलात नाही."

"किनाऱ्याजवळ मेलेलाच मासा भेटतो, मिस्त्री."

बाहेर खोल पाण्यात कुपा माशांचा थवा लागला होता. उद्या पहाटे सगळ्या होड्या निघणार होत्या.

"महिनाभर थांब ना," मी म्हटलं.

"आणि खायचं काय, तुझे उपास?" मग त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, नऊ दिवसांत काही झालं नाही मला. तुझा नवस आहे ना पाठीशी."

त्या नवसानेच तर भेग झाकली होती.

तो गेल्यावर मी डबा घेऊन वाळूत बसून राहिले. रंगवावं तर भेग पुन्हा झाकणार. न रंगवावं तर नवस मोडणार, आणि तो त्याच्याच जिवासाठी केलेला. आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थनेचे शब्द आठवेनात. शेवटी मी सगळी होडी रंगवली आणि मागची, ठिगळाची वीतभर जागा कोरी ठेवली. भेग वाढली तर त्याला दिसेल, तो वेळेत मागे फिरेल. एवढं संताने समजून घ्यावं.

संध्याकाळी त्याच्यासाठी शेंगदाण्याच्या रश्शाचं भांडं घेऊन आले तर एलादियो होडीमागे उकिडवा बसलेला, हातात माझा ब्रश.

"एवढं विसरलीस बघ. म्हातारी झालीस." त्याने शेवटचा हात फिरवला. "संताला सांगू नकोस हं, माझा हात लागला म्हणून."

"मुद्दाम ठेवलं होतं," मी म्हटलं. "भेग दिसावी म्हणून."

त्याने ब्रश डब्याच्या काठावर निथळला. "दिसून तरी मी तिथे भर समुद्रात काय करणार होतो, दिग्ना?"

पहाटे चौघांनी होडी पाण्यात ढकलली. उजाडत होतं. ओला निळा रंग असा चमकत होता की काठावरची माणसं म्हणाली, नवी घेतली वाटतं एलादियोने. मी माळ हातात घेतली. दर भेगेला एक प्रार्थना, हीच माझी सवय. होडीकडे पाहिलं. मोजायला एकही भेग दिसत नव्हती.