टाचणीचं घर

आमच्या अप्पांना कौतुक करायचं म्हटलं की सिमेंटच सुचतं. कुणी मोठा झाला की कमान, देव पावला की कट्टा. नेसरीजवळच्या आमच्या गावचे सरपंच ते, सिद्धाप्पा. त्यांना आवरणार कोण?

माझी धाकटी बहीण सौंदर्या कोल्हापुरात टाचण्यांचा अभ्यास करती. टाचणी म्हणजे चतुरासारखीच, पण सुईगत बारीक, बसली की पंख मिटून घेणारी. आमच्या गावाखालच्या पाणथळीत तिला एक निळ्या शेपटाची टाचणी घावली, दुसरीकडं कुठंच न्हाय अशी. त्यापायी पोरगी गुडघाभर चिखलात उभी ऱ्हायली. पेपरात तिचा फोटो आला आणि अप्पांची छाती फुगली.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "दोघीबी या. गावानं टाचणीला घर बांधलंय. जास्त सांगत न्हाय, येऊनच बघा."

मी सासरहून, आजऱ्याहून गेले. सौंदर्या एसटीतनं उतरली तर हलगी वाजत होती. तिला फेटा बांधला, मिरवत खाली नेलं. पाणथळ कुठली हो, तळं झालेलं. चारी बाजूंनी सिमेंटचा काठ, बाकडी, रंगीत दिवे. लव्हाळं मुळासकट उपटलेलं. त्याच्याच देठात ती टाचणी अंडी घालायची. घरात जेवताना किती वेळा बोललीय सौंदर्या हे, पण अप्पांच्या कानात शिरलं ते फक्त पेपरातलं कौतुक. असा संताप आला की माईक हिसकावून घ्यावा.

सौंदर्यानं माझा हात दाबला. काठावरनं फेरी मारली, वाकून वाकून बघितलं. पाण्यावर काहीच उडत नव्हतं. अप्पा मागनं आले, डोळे भरलेले.

"कसं झालंय पोरी? आता तुझ्या पायाला चिखल लागायचा न्हाय."

"लई छान झालंय, अप्पा," ती म्हणाली.

घरी आल्यावर फेट्यासकट भिंतीला टेकून बसली आणि रडली. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता सांगते त्यांना."

"नको अक्का. लव्हाळं परत लावता येईल. ती टाचणी कुठनं आणायची? उगं त्यांचा जीव जाळू नकोस."

जन्मात कधी तोंड आवरलं न्हाय मी, तवा आवरलं. अजून आवरतेय, आणि आतनं जळतेय.

आमची आई, अव्वा, फोनवर सांगती, अप्पा रोज ऊन चढलं की त्या काठावर जाऊन बसतात. कुणी टाचण्या बघायला आलं तर हाताला धरून शेजारी बसवून घेतात. म्हणतात, "जरा थांबा पावणं, येतील एवढ्यात."