स्थानिक रहिवाशाची प्रतिक्रिया

आधी शर्टांचं सांगते, कारण ते मीच काढून दिले होते. मागाहून कुणी म्हणायला नको की हिने आपला वाटा लपवला.

आमच्या ह्यांचं बाजारासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान कसलं, अड्डाच तो. कागद मशीनमध्ये घातला की बाहेर येईपर्यंत ह्यांनी पालिकेला झोडपलेलं असतं, सरकार पाडलेलं असतं, आणि उरलेल्या वेळात फुटबॉल संघाचा गोलकीपर बदललेला असतो. एकदा इथल्या वाहिनीचा एक बातमीदार कसलीशी प्रत काढायला आला. ह्यांचं बोलणं ऐकलं, प्रत राहिली बाजूला, त्याने पिशवीतून माईकच काढला. त्या संध्याकाळी हे टीव्हीवर! खाली पट्टी, 'स्थानिक रहिवासी'. तेव्हापासून सगळी गल्ली ह्यांना 'रहिवासी' म्हणते. जणू बाकीचे आम्ही पाहुणे म्हणून उतरलोय.

पुढे त्या बातमीदाराला रोज यायला वेळ होईना. मग त्याने युक्ती काढली. दर सोमवारी सकाळी यायचा आणि आठवडाभराचं एकदम उरकायचा. "काका, मंत्रिमंडळात फेरबदल होणार म्हणतात. क्रीडामंत्री राहिले तर काय म्हणाल? हां, छान. आता गेले तर काय म्हणाल?" हे दोन्ही म्हणायचे, आणि तितक्याच तळमळीने. पाणीपट्टी वाढली तर, नाही वाढली तर. संघ जिंकला तर, हरला तर. मधे शर्ट बदलायचा, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी बोलल्यासारखं दिसतं. ते शर्ट मी इस्त्री करून हँगरला लावून दुकानात पाठवायचे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट "आज निळा घाला हो, तो तुम्हाला खुलून दिसतो" असं मीच सांगायचे. टीव्हीवर नवरा दिसतोय म्हटल्यावर बाईमाणूस हुरळणारच की.

तो निळा चौकड्यांचा शर्ट माझ्या नणंदेने दिलेला. ह्यांची धाकटी बहीण. पन्नाशीला टेकली तरी घरात सगळ्यांची बेबीच. ह्यांच्या दुकानासमोर, बाजाराच्या वरच्या मजल्यावर पालिकेचा जुना हॉल आहे, तिथे ती मुलींना टेबल टेनिस शिकवायची. लग्न केलं नाही, चांगली चालून आलेली नोकरी सोडली, जे काय आयुष्य होतं ते त्या हॉलमध्ये घातलं. तिने शिकवलेली एक मुलगी पहिल्यांदा राज्याच्या संघात निवडली गेली तेव्हा बाईसाहेब आनंदाने वेड्या झाल्या आणि घरातल्या सगळ्यांना कपडे घेऊन आल्या. मला साडी, दादाला शर्ट.

त्या मंगळवारी संध्याकाळी मी भाजी निवडत बसले होते आणि हे पेपर वाचत होते. शहराच्या बातम्या लागल्या. बातम्या देणारी बाई म्हणाली, "बाजाराच्या वरच्या मजल्यावरील खेळाचा हॉल पालिकेने आज ताब्यात घेतला असून तेथे नागरिक सेवा केंद्र सुरू होणार आहे."

"अहो! बेबीचा हॉल!" मी ओरडलेच.

"स्थानिक रहिवाशांनी या निर्णयाचं स्वागत केलं आहे," ती म्हणाली, आणि पडद्यावर आमचे हे. निळ्या चौकड्यांच्या शर्टात, हात हलवत.

"अगदी योग्य निर्णय! आम्ही रहिवासी किती वर्षं कंठशोष करतोय! त्या जागेचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता, नुसती अडगळ. डोक्याला ताप झाला होता आमच्या. पालिकेचं मनापासून अभिनंदन!"

माझ्या हातातली जुडी कधी खाली पडली मला कळलंच नाही. हे पेपर खाली धरून स्वतःकडेच बघत होते. तोंड उघडं ते उघडंच.

"मी नाही बोललो असं," हे म्हणाले.

"मग कोण, तुमचा जुळा भाऊ?"

"अगं, म्हणजे बोललो. पण ह्याबद्दल नाही गं! तो म्हणाला, एका जागेचा निर्णय यायचाय, काका, दोन्ही देऊन ठेवा. मला वाटलं कोपऱ्यावरची ती भंगाराची जागा असेल."

"कुठली जागा ते विचारलंही नाहीत?"

"घाईत होता तो."

काय बोलायचं अशा माणसाला? बेबीला फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग पायात चपला सरकवल्या आणि दोघं तसेच निघालो. ती दोन गल्ल्या सोडून राहते.

दार तिनेच उघडलं. रडली असेल असं वाटलं होतं, पण नाही. ह्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "शर्ट छान दिसत होता, दादा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बेबी, आईशपथ, मला माहीत नव्हतं!" हे दारातच सुरू झाले. "आणि तू तरी एका शब्दाने सांगायचंस की नाही? सख्खा भाऊ आहे मी!" चूक झाली की ह्यांचा आवाज चढतो, जुनी खोड आहे.

"सांगायचं?" बेबी म्हणाली. "नोटीस आली तेव्हा पहिली तुझ्याकडेच आले होते की. नोटिशीच्या आणि माझ्या हरकतीच्या प्रती तूच काढल्यास. मी सांगत होते आणि तू एका गिऱ्हाइकाला पेनल्टी कुठल्या कोपऱ्यात मारायला हवी होती ते दाखवत होतास. प्रती हातात दिल्यास, आणि काही लागलं तर सांग म्हणालास."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. स्वतःच्या हाताने प्रती काढल्या, आणि एका कागदाकडे नजर टाकली नाही! इतका आंधळा माणूस टीव्हीवर जगाला वाट दाखवत होता.

मग आत बसून तिने नीट सांगितलं. नवे क्रीडामंत्री आले आणि त्यांच्या माणसांना ती जागा केंद्रासाठी हवीशी झाली. क्रीडामंत्र्यांना खेळाचा हॉल नको होता, ऐका! हॉलला अजून तात्पुरतं कुलूप होतं, शुक्रवारी हरकतींची सुनावणी. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी बेबीला आधीच सांगितलं होतं की आजूबाजूचे रहिवासी हॉलच्या बाजूने असतील तर वरच्यांना ते डावलता येणार नाही.

"मुलींच्या आयांना घेऊन दारोदार फिरणार होते मी," ती म्हणाली. "आता कुणाच्या दारात उभी राहू? लोक म्हणतील, बाई, आधी तुझ्या भावाला विचार. आणि हॉल गेला तर माझ्या पोरी खेळतील कुठे, वहिनी? जिन्यात?"

"मी येतो सुनावणीला," हे म्हणाले. "सगळं खरं खरं सांगतो. बघच तू."

मला धीर आला. बोलण्यात कुणाला हार जायचे नाहीत आमचे हे, एवढी माझी खात्री होती.

शुक्रवारी पालिकेच्या त्या खोलीत बसायला जागा नव्हती. मुली, त्यांच्या आया, गल्लीतले चार रिकामटेकडे, केंद्रवाल्यांची माणसं. साहेब स्वभावाने वाईट नव्हते, नुसते दमलेले होते. केंद्रवाल्यांपैकी एकाने आपला मोबाइल त्यांच्यापुढे धरला आणि ती प्रतिक्रिया सगळ्यांना ऐकवली. अभिनंदनासकट.

हे उभे राहिले. "साहेब, ते बोलणं हॉलबद्दलचं नव्हतंच. आधीच बोलून ठेवलं होतं."

"आधीच म्हणजे?"

"म्हणजे मी दोन्ही देऊन ठेवतो. योग्य झालं, असंही. आणि फार वाईट झालं, असंही. वाहिनीला जे लागेल ते ते लावतात."

मग मागून कुणीतरी खो खो हसलं आणि सगळी खोली हसायला लागली. "आणि आम्ही येडे, तुझं ऐकून मतं ठरवत होतो!" आमच्या गल्लीतला शिंपी ओरडला. ह्यांचे कान लालबुंद झाले, पण हे खाली बसले नाहीत. तेवढं मी ह्यांच्या बाजूने सांगेन.

साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग आज बोलताय ते ह्या दोन्हींपैकी कुठलं?"

"आज मनापासून बोलतोय, साहेब. हॉल राहिलाच पाहिजे. फार मोठं काम चालतं तिथे."

"काय चालतं? सांगा ना. तुम्ही समोरच असता. किती मुली येतात? आत काय सोयी आहेत?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार, कपाळ? मी त्या हॉलचे पडदे शिवून दिले होते, ते पोचवायला तेवढी एकदा वर गेले होते.

"मुली... पुष्कळ येतात," हे म्हणाले. "जिना माझ्या दुकानासमोरच आहे. रोज दिसतात."

"तुम्ही आत कधी गेला होतात?"

हे विचार करायला लागले. आमचे हे, विचार करायला! ह्यांना उत्तर शोधताना मी पहिल्यांदाच बघत होते. मग एकदम चेहरा उजळला. "उद्घाटनाला! दुरुस्ती होऊन हॉल पुन्हा उघडला तेव्हा. होतो मी."

"तू खाली होतास, दादा," बेबी म्हणाली. आवाजात राग नव्हता, आठवून आठवून बोलत होती. "वर ये म्हणून बोलवायला मी दोनदा आले होते. तू टीव्हीवाल्यांना बाईट देत होतास."

ह्या वेळी कुणीही हसलं नाही. साहेबांनी फाइल मिटली आणि निकाल उद्या कळवतो म्हणाले.

बाहेर आलो तर फाटकाशी तो बातमीदार उभा. त्याला कशाचा पत्ता असेल तर शपथ. "काका! बरं झालं भेटलात. निकाल उद्या आहे म्हणे. दोन्ही देऊन टाका ना पटकन."

आणि माझ्या डोळ्यांदेखत ह्यांचा हात कॉलरला गेला. कॉलर नीट करायला. इतकं सगळं होऊन! बेबीनेही ते पाहिलं. हे भानावर आले, हात खाली घेतला आणि म्हणाले, "नाही."

एवढंच. 'नाही' म्हणून पुढे काहीच न बोललेले हे मी आजवर पाहिले नव्हते.

"असू दे हो, काका," बातमीदार माईक गुंडाळत म्हणाला. "तुमचं आपल्याकडे भरपूर पडलंय."

निकाल विरोधात गेला. रहिवाशांचा विशेष विरोध दिसून येत नाही, असं कारण दिलं होतं. टेबलं पालिकेने गोदामात नेऊन टाकली. बाकीचं सामान उचलायला ह्यांनी दुकान बंद ठेवलं आणि जन्मात पहिल्यांदा तो जिना चढले. मी मागोमाग होते. हे दारातच थबकले. समोरच्या भिंतीवर मुलींच्या बक्षिसांच्या बातम्या चिकटवल्या होत्या, कात्रणांच्या झेरॉक्स, रांगेने छतापर्यंत. कडेला काळी रेघ उमटलेली. आमच्या मशीनची ती खोड आहे, कितीदा दुरुस्त केली तरी रेघ उमटतेच.

"हे सगळं माझ्याकडनं गेलंय?" ह्यांनी विचारलं.

"मग आणखी कुठून?" बेबी म्हणाली आणि कागद एकेक करून काढायला लागली.

जाळ्या, बॅटी, चेंडूंच्या पिशव्या आमच्या बाहेरच्या खोलीत आणून ठेवल्या, कारण तिच्या घरात जागा नाही. संध्याकाळी तिला जेवायला थांबवून घेतलं. ती जमिनीवर बसून जाळ्यांची घडी घालत होती, हे कोपऱ्यात बसले होते. टीव्ही मी सवयीने लावला. लावायला नको होता. हॉलची बातमी दोन वाक्यांत संपली, पाठोपाठ खेळाच्या बातम्या. राज्याचा फुटबॉल संघ अंतिम सामना हरला होता. आणि आले हे पुन्हा, त्याच निळ्या शर्टात. आता मात्र डोळ्यांत पाणी.

"फार वाईट वाटलं. जीव तुटला अगदी. अहो, ही पोरं घाम गाळतात, आणि आपण काय करतो? लांबून बघतो! अशा वेळी आपल्या माणसाने त्यांच्या पाठीशी उभं राहायचं नाही तर कुणी राहायचं?"

मी बंद करायला झेपावले, पण बेबी म्हणाली, "असू दे, वहिनी." शेवटपर्यंत तिने ऐकलं. जाळी मांडीवर तशीच. मग मान वळवून ह्यांच्याकडे बघितलं.

"हे चांगलं बोललास, दादा," ती म्हणाली.

टोमणा असता तर मी सोसला असता. पण तिला ते खरंच आवडलं होतं. हे तोंडावर दोन्ही हात धरून हमसून हमसून रडायला लागले, आणि मला त्यांच्याजवळ जावं की तिच्याजवळ, ते कळेना.