तुडीलची सवाष्ण

"भागोजी, सांग रे लवकर. हिरवं लुगडं नेसवायचं का पांढरं?"

गोदूकाकी उंबऱ्यावर येऊन विचारत होती. आत ठकूबाईला आंघोळ घालून झाली होती आणि बाया हात आखडून बसल्या होत्या. अंगणात तिरडी बांधणारेही थांबले.

ठकूबाई ही सत्तरीच्या भागोजीची वहिनी. त्याचा थोरला भाऊ काशीराम हवाई दलात लढाऊ विमान चालवायचा. एकाहत्तरच्या युद्धात तो सीमेपलीकडे गेला तो परतलाच नाही. तार आली, तीत 'बेपत्ता' असं होतं. लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. काही वर्षांनी त्याला मृत मानल्याचं पत्र आलं. वहिनीने सही केली, पेन्शन घेतली, सासूचं म्हातारपण काढलं, तुडीलच्या बालवाडीत तीस वर्षं पोरांची नाकं पुसली. कपाळाचं कुंकू मात्र पुसलं नाही. "पेन्शन विधवेची नि कुंकू सवाष्णीचं," असं गाव म्हणायचं. एकदा हळदीकुंकवाचं ताट तिला वगळून पुढे गेलं, तेव्हापासून ती कुणाकडे गेली नाही.

भागोजीने एकदाच विषय काढला होता.

"विमान पडलेलं कुणी बघितलं नाय, भावोजी," भाकरी थापता थापता ती म्हणाली होती. "ज्यानं बघितलं असंल त्यानं येऊन सांगावं. मी लगेच पुसते."

सांगायला कुणी आलं नाही. भागोजीने मात्र दादाला मनातून केव्हाच पोचवलं होतं. पितृपक्षात तो गुपचूप एक पान जास्तीचं वाढून शेताच्या बांधावर ठेवायचा. एका वर्षी वहिनी मागून आली आणि त्याच्या हातातल्या पानावर तिने दोन अळूवड्या ठेवल्या. "त्यांना आवडतात," एवढंच म्हणून ती माघारी वळली. त्या दिवशीही तिचं कुंकू ठसठशीत होतं.

"आरे, बोल की," गोदूकाकी म्हणाली.

"हिरवं नेसवा. मळवट भरा, ओटी भरा."

"आणि अग्नी? सवाष्णीला नवऱ्यानं द्यायचा असतो."

"दादाच्या वतीनं मी देतो. तो येऊन भांडला तर बघू."

गोदूकाकी पदर खोचून आत गेली. "चला गो," तिचा आवाज आला. "पहिलं कुंकू मी लावते."

दुपारपर्यंत सावित्री नदीच्या काठावर सगळं आटोपलं.

दिवसकार्य झाल्यावर भागोजी मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत गेला. तिथला कारकून राहुल त्याचा अर्ज भरून देत होता.

"आजोबा, नवऱ्याच्या नावाआधी 'कै.' लिहायचं ना?"

"नको. नुसतं नाव लिही."

"पण ते तर..."

"नुसतं नाव लिही, बाळा."

राहुलने पेन टेकवलं. भागोजी बाकावरून उठला आणि नाव लिहून पुरं होईपर्यंत ताठ उभा राहिला.